बोटी एकाच्या, जमीन दुसऱ्याची : ऑयस्टर पॉइंट मरिनाचा जुना करार का गुंडाळला गेला?

सॅन फ्रान्सिस्को विमानतळाच्या उत्तरेला एका टेकडीवर पांढऱ्या अवाढव्य अक्षरांत लिहिलंय, ‘साऊथ सॅन फ्रान्सिस्को, द इंडस्ट्रियल सिटी’. नाव सारखं असलं तरी हे वेगळं शहर, वेगळी नगरपालिका. जेनेन्टेक ही बायोटेक कंपनी इथलीच. ऑनलाइन पेमेंटवाल्या स्ट्राइपनेही आपलं मुख्यालय सॅन फ्रान्सिस्कोतून इथेच हलवलं, ऑयस्टर पॉइंट भागात.

याच ऑयस्टर पॉइंटच्या टोकाला मरिना आहे. मरिना म्हणजे सोप्या भाषेत बोटींचं पार्किंग. इथे चारशेहून अधिक बोटी उभ्या राहू शकतात. बाजूला बाग, चालायची वाट, मासे पकडायला धक्का. फोटोत सगळं छान दिसतं. पण हिवाळ्यात मोठं उधाण आलं, तिकडे त्याला ‘किंग टाइड’ म्हणतात, की खाडीचं पाणी वाटेवर आणि पार्किंगमध्ये चढतं.

मग प्रश्न येतो, दुरुस्तीचं बिल कुणाच्या नावावर? आपल्याकडे खड्डा पालिकेचा की पीडब्ल्यूडीचा, यावर जशी टोलवाटोलवी चालते, तसलाच हा प्रश्न. फक्त इथे तो कागदावर आधीच ‘सुटलेला’ होता.

1977 मध्ये काय ठरलं होतं?

कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार दोन सरकारी संस्था आपले अधिकार एकत्र वापरण्याचा करार करू शकतात. त्याला ‘जॉइंट पॉवर्स ॲग्रीमेंट’ म्हणतात. साऊथ सॅन फ्रान्सिस्को शहर आणि सॅन मटेओ काउंटी हार्बर डिस्ट्रिक्ट यांनी 1977 मध्ये तो केला, 49 वर्षांसाठी. म्हणजे 2026 पर्यंत.

हार्बर डिस्ट्रिक्ट ही नगरपालिका नाही. 1933 मध्ये स्थापन झालेली, फक्त बंदरांचं काम पाहणारी संस्था. तिचे कमिशनर लोक निवडून देतात. हाफ मून बेजवळचं मासेमारीचं पिलर पॉइंट बंदरही तीच चालवते. करारातली वाटणी सरळ होती. जमीन शहराच्या मालकीची राहणार. मरिना उभारणं, चालवणं आणि राखणं डिस्ट्रिक्टचं काम. बांधकामासाठी राज्याच्या बोटिंग खात्याकडून कर्ज घेतलं गेलं आणि ते फेडायचा भार डिस्ट्रिक्टवर आला.

शहराला फुकटात मरिना मिळाली, असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं. तसं वाटण्यात चूकही नव्हती.

मग बिघडलं कुठे?

पायाखालीच. ऑयस्टर पॉइंटची बरीचशी जमीन नैसर्गिक नाही. तिथे शहराचा कचरा डेपो होता, तो 1970 मध्ये बंद झाला. कचऱ्यावर माती टाकून वर बाग आणि पार्किंग केलं गेलं. पण खालचा कचरा कुजतच राहतो. त्याचं आकारमान घटतं, आणि जमीन खचते. तीही सगळीकडे सारखी नाही. इथे चार बोटं, तिकडे फूटभर. डांबर फुटतं, वाट वाकडी होते, सखल भागात पाणी साचतं. दुसऱ्या बाजूने समुद्राची पातळी वर येतेय. म्हणजे जमीन खाली चाललीय आणि पाणी वर.

आता वाटणी पुन्हा वाचून बघा. जमीन शहराची, देखभाल डिस्ट्रिक्टची. फुटलेलं डांबर बुजवणं ही देखभाल झाली. पण अख्खी जमीन उचलून घेणं ही देखभाल की मालकाची जबाबदारी? 1977 मध्ये समुद्रपातळीचा हिशोब करारात कोण मांडणार होतं?

पैशाची बाजूही तेव्हाच बदलली. करार झाला आणि पुढच्याच वर्षी, जून 1978 मध्ये, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रॉपोझिशन 13’ मंजूर केलं. मालमत्ता कर किमतीच्या साधारण 1 टक्क्यावर बांधला गेला. तेव्हापासून ही एकच थाळी काउंटी, शहरं, शाळा आणि डिस्ट्रिक्ट यांच्यात वाटली जाते. हार्बर डिस्ट्रिक्टचा खर्च बोटींच्या भाड्यावरच चालत नाही. त्यात या कराचा वाटा जातो. म्हणजे आयुष्यात कधी बोटीत पाय न ठेवलेला घरमालकही मरिनाला पैसे देतो.

यावर टीका झालीच. 2014 मध्ये काउंटीच्या सिव्हिल ग्रँड ज्युरीने डिस्ट्रिक्टच्या कारभारावर कडक अहवाल दिला. ही ज्युरी म्हणजे स्थानिक सरकारी कामाची तपासणी करणारं सामान्य नागरिकांचं मंडळ. त्यांची शिफारस होती, डिस्ट्रिक्टच बरखास्त करा. तसं झालं नाही, डिस्ट्रिक्ट आजही आहे. मात्र ज्या संस्थेच्या अस्तित्वावरच प्रश्न लागलाय, तिने दुसऱ्याच्या खचत्या जमिनीवर किती खर्च करावा, हा मुद्दा त्यानंतर टाळता येण्यासारखा नव्हता.

करार का संपवावा लागला?

दरम्यान जमिनीचा भाव बदलला होता. 2012 पासून खाडीपलीकडच्या ओकलंड-अलामेडाहून इथे फेरी येऊ लागली. बायोटेकला जागा हवी होती. किलरॉय रिॲल्टीसारखी मोठी कंपनी शेजारच्या प्रकल्पात उतरली. आता शहराला रस्ते, बाग, किनारा यांची आखणी स्वतःच्या हातात हवी होती आणि जुन्या कराराने ती डिस्ट्रिक्टसोबत बांधून ठेवली होती.

त्यामुळे मुदत संपायची वाट न बघता, 2010 च्या दशकाच्या अखेरीस दोघांनी तो करार बाजूला ठेवला आणि नवा सामंजस्य करार केला. रेघ आता किनाऱ्यावरून जाते. पाण्यातलं, म्हणजे तरंगते धक्के आणि बोटी, डिस्ट्रिक्टकडे. जमिनीवरची बाग आणि पार्किंग शहराकडे.

वरवर यात डिस्ट्रिक्ट सुटलं आणि शहर अडकलं असं वाटतं. पूर्ण खरं नाही. बंद डेपोची मालकी शहराचीच होती, त्यामुळे खालच्या कचऱ्याची जबाबदारी त्याला तशीही टळणार नव्हती. फरक इतकाच, की नव्या इमारतींमुळे वाढणारा कर आणि खचणारी जमीन या दोन्ही गोष्टी आता एकाच दारात येतात. डिस्ट्रिक्टच्या वाट्याला राहिले ते धक्के, खारं पाणी खाऊन झिजणारे. आणि धक्क्यावर जायचं तर आधी शहराच्याच पार्किंगमधून जावं लागतं. उधाणाच्या दिवशी तिथे पाणी असलं, तर बोटवाला फोन कुणाला करणार? बहुधा अजूनही दोघांना.