‘ऑल्दो’च्या शेपटीला ‘बट’

मंडळी, मराठीत ‘जरी’ आला की मागोमाग ‘तरी’ येतोच. एकवेळ ‘जरी’ गाळा, ‘तरी’ काही सुटत नाही. हीच सवय घेऊन आपण इंग्लिश मेल लिहायला बसतो आणि गोची होते.

माझ्या नगरच्या मावसभावाने पुण्यातल्या नोकरीसाठी लिहिलेला मेल बघा: ‘ऑल्दो आय अ‍ॅम फ्रॉम नगर, बट माय इंग्लिश इज गुड.’ पुरावाच फितूर! ‘ऑल्दो’ घ्या किंवा ‘बट’ घ्या, दोन्ही एकदम नको. पण मला जास्त खटकला तो ‘ऑल्दो’च. गावाचं नाव सांगताना आधी माफी कशाला? (अहो, याच शहराच्या किल्ल्यात १९४४ साली कैदेत असताना नेहरूंनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, तेही इंग्लिशमध्ये!) दोन्ही शब्द उडवले, २०२४ पासूनचं नाव अहिल्यानगर घातलं आणि मेल रवाना.

आता ‘डिस्पाइट’. ‘इन स्पाइट’ला ‘ऑफ’ लागतं, म्हणून लोक ते ‘डिस्पाइट’लाही चिकटवतात. नका ना! आणि या दोघांमागे अख्खं वाक्य येत नाही. नाम येतं, नाहीतर आयएनजीवालं रूप. आपलं ‘असूनही’ आठवा. ‘ट्रॅफिक आहे असूनही’ असं कोणी म्हणतं का? वाक्यच हवं तर ‘ऑल्दो’. शिक्रापूरला अडकून ऑफिसात पोचलात, की बॉसला ‘ऑल्दो द ट्रॅफिक वॉज बॅड, आय रीच्ड बाय टेन’ म्हणा, किंवा ‘डिस्पाइट द ट्रॅफिक, आय रीच्ड बाय टेन’. दोन्ही चालेल. दहाला पोचला असाल तर.