निर्मळ रेघ कुणाची?

माणूस निर्मळ असेल तर त्याचे चित्रही निर्मळ, हा चिनी विद्वान-चित्रकारांचा जुना सिद्धान्त. अकराव्या शतकात ग्वो रोश्वीने लिहून ठेवले की, ज्याचे चारित्र्य उंच त्याच्या चित्रातला प्राणही उंचच असणार. पुढे कित्येक शतके डोंगर-पाण्याची चित्रे याच तराजूत तोलली गेली. मला हा तराजू मान्य नाही.

चित्रकार झाओ मंगफू सोंग राजघराण्यातला. मंगोलांनी सोंगांचे राज्य बुडवले आणि १२८६ साली हा कुब्लाई खानाच्या चाकरीत शिरला. हा डाग त्याच्या नावावरून कधी पुसला गेला नाही. मिंग सत्ता बुडताना पाहिलेल्या सुलेखनकार फू शानने तर त्याच्या अक्षरातही लाचारी शोधली. पण १२९६ साली झाओने च्याओ आणि ह्वा या डोंगरांचे शरदातले चित्र काढले, ते झोऊ मीसाठी. झोऊ मीने नव्या दरबाराची नोकरी कधीच पत्करली नव्हती. त्याच्या पूर्वजांची शानदोंगची भूमी या मित्राने त्याला कागदावर आणून दिली: ओली पाणथळ जमीन, विरळ झाडे, एक टोकदार डोंगर, एक गोलसर. निष्ठावंताने ‘फितुरा’चे चित्र घरात ठेवले. त्या चित्रात लाचारी कुठे आहे, हे कुणी बोट ठेवून दाखवावे.

मिंग काळातल्या चित्रकार दोंग छीछांगने विद्वानांच्या चित्रांना दरबारी कारागिरांच्या वर बसवले. त्याच्याच घराण्याच्या जुलमाला विटलेल्या लोकांनी १६१६ साली त्याचे घर जाळले. त्याचे डोंगर मात्र आजही भक्कम उभे आहेत.

मग निर्मळता हे थोतांड म्हणायचे का? मुळीच नाही. चित्रकार नी झान अंगणातली झाडेसुद्धा धुवून घेई, अशी आख्यायिका आहे. पण मला ती महत्त्वाची वाटत नाही. त्याचे १३७२ सालचे ‘रोंगशी कुटी’ पाहा. पुढे मोजकी झाडे आणि एक रिकामी कुटी, मध्ये नुसता कोरा कागद, आणि तेच सरोवर. पलीकडे बुटके डोंगर. माणूस नाही, रंग नाही. शाई कोरडी, आणि कागदावर पडलेली रेघ मागे घेता येत नाही. इतके नाकारूनही चित्र भरलेले वाटते. निर्मळता असते ती इथे, काय काढायचे नाही हे ठरवणाऱ्या हातात. हा संयम चित्रापुरता कमवावा लागतो. तो झाओने कमावला, नी झाननेही कमावला.

ही दोन्ही चित्रे तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहेत. त्यांच्यासमोर उभे राहण्याचा योग आला, तर चित्रकारांची चरित्रे थोडा वेळ बाजूला ठेवा.