स्वस्त देश, पण कुणाला?

मलेशियात जाऊन राहावं का, हा विषय हल्ली आपल्या शिकल्या-सवरलेल्या मुस्लिम घरांत वरचेवर निघतो. कारणं समजण्यासारखी आहेत. वस्तीवस्तीत मशीद, हलालची चिंता नाही, हिजाबकडे कुणी वळून बघत नाही, इंग्रजीवर काम भागतं आणि वर, सगळे सांगतात, देश स्वस्त आहे. पहिल्या चार गोष्टींवर माझा आक्षेप नाही. पाचवीवर आहे.

स्वस्ताई ही देशाच्या हवापाण्यात नसते. आपली कमाई आणि समोरच्याची मजुरी यांच्यातल्या अंतराला आपण स्वस्ताई म्हणतो. क्वालालंपूरमध्ये तमिळ मुसलमानांची ‘मामाक’ हॉटेलं आहेत. तिथे रोटी चनाई आणि तेह तारिक, म्हणजे पराठा आणि फेसाळ चहा, चार-पाच रिंगिटमध्ये मिळतो. रिंगिटचे साधारण वीस रुपये धरले तर शंभर रुपये. डॉलरमध्ये कमावणाऱ्याला ही रक्कम मोजण्यासारखीही वाटत नाही. पण त्या देशातलं किमान वेतन २०२५ मध्ये वाढून महिना १,७०० रिंगिट झालं, म्हणजे साधारण चौतीस हजार रुपये. शहरात दोन बेडरूमच्या बऱ्या फ्लॅटचं भाडंच अनेकदा याहून जास्त असतं. एकाचं घरभाडं ते दुसऱ्याचं महिन्याचं अख्खं घर.

दुसरं असं की, मलेशियन माणसाला मिळणारी बरीचशी स्वस्ताई सरकार भरतं आणि ती परदेशी माणसाला लागू नाही. सरकारी दवाखान्यात नागरिकाला एक रिंगिट पुरतो, परदेशी माणसाला त्याच्या कित्येक पट मोजावे लागतात. क्वालालंपूरच्या रेल्वे-बसचा पन्नास रिंगिटचा मासिक पास फक्त नागरिकांसाठी आहे. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीपासून पेट्रोलही नागरिकाला १.९९ रिंगिट लिटर, परदेशी माणसाला बाजारभावाने. मुलं आंतरराष्ट्रीय शाळेत घालायची तर फीच निम्मं बजेट खाते. पुण्यामुंबईतला भाव डोक्यात ठेवून जाणाऱ्याने हा हिशोब आधी कागदावर मांडावा.

आणि दाराशीच मोठी पावती फाडावी लागते. ‘मलेशिया माय सेकंड होम’ ही दीर्घ मुक्कामाची योजना २००२ पासून आहे. २०२४ च्या नियमांनुसार तिच्या ‘सिल्व्हर’ श्रेणीसाठी दीड लाख डॉलरची मुदत ठेव लागते, शिवाय किमान सहा लाख रिंगिटचं घर घ्यावं लागतं. म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास ठेव आणि जवळपास तेवढंच घर. हा स्वस्त देश नव्हे. ज्याच्याकडे आधीच आहे, त्याला सोयीचा देश आहे.

त्याच देशाला दुसरं दार आहे. बांगलादेश, नेपाळ, इंडोनेशियातून आलेला मजूर त्या दाराने आत येतो. बांधकामावर, पामच्या मळ्यात, कारखान्यात राबतो. त्याच्या परवान्यावर बायको-मुलं आणता येत नाहीत, तिथे लग्न करता येत नाही. बांगलादेशातून जाण्याचा सरकारी खर्च ७८,९९० टका ठरलेला असताना अनेकांना दलालांकडे चार-चार लाख मोजावे लागले. घरकाम करणाऱ्या बाईला तर किमान वेतनाचा आदेशच लागू नाही. २०२२ मध्ये इंडोनेशियाने करार करून आपल्या बायकांसाठी १,५०० रिंगिटची अट घातली, तेव्हा कुठे कागदावर आकडा आला. पहिल्या दाराने आलेल्याला ‘एक्सपॅट’ म्हणतात, दुसऱ्या दाराने आलेल्याला ‘फॉरेन वर्कर’. दोघेही परदेशी, बहुतेकदा दोघेही मुसलमान. शुक्रवारी एकाच सफेत उभे राहतात. पहिल्याला देश स्वस्त पडतो, कारण दुसऱ्याला तो महाग पडलेला असतो.

कोकणी मुसलमानाला हे कुणी शिकवायला नको. रत्नागिरी-रायगडच्या गावांत आखातच्या पैशातून उभी राहिलेली घरं आहेत आणि त्या घरांत वर्षानुवर्षं नवऱ्याशिवाय राहिलेल्या बायकाही आहेत. अमिरातीत आजही ठरावीक पगाराखाली कुटुंबाचा व्हिसा मिळत नाही. तिथल्या साहेबलोकांना जी स्वस्त मदत मिळाली, ती आपल्याच आजोबा-चाचांच्या रूपात मिळाली. आता आपली पोरं लॅपटॉप घेऊन पहिल्या दाराने जाऊ लागली, याचा मला आनंद आहे. पण दुसरं दार विसरून जाणं शोभत नाही.

मापात खोट करणाऱ्यांवरून कुराणातल्या एका सूरहला नाव पडलं आहे, अल-मुतफ्फिफीन. आपण ती दुकानदाराच्या तराजूपुरती वाचतो. माझ्या मते ती पगाराच्या तराजूलाही लागू आहे. आपला दर डॉलरमध्ये ठरवायचा आणि भांडी घासणारीचा दर ‘इथे एवढंच देतात’ म्हणून ठरवायचा, ही दोन मापंच झाली.

म्हणून जाणाऱ्याने जरूर जावं. पण घरात कुणाला कामाला ठेवलं तर कायदा मागत नसला तरी किमान १,७०० द्यावेत, आठवड्याची सुट्टी द्यावी, तिचा पासपोर्ट तिच्याच हातात राहू द्यावा. एवढं देऊनही देश परवडत असेल, तर तो खरंच परवडतो. नाहीतर फक्त हलाल गोश्त मिळतं म्हणून तिथलं राहणं हलाल होत नाही.