जमीन औंढ्याची, संशोधक कुठले?

परभणीहून औंढा नागनाथ पन्नासेक किलोमीटर. १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत तो सगळा पट्टा आपल्याच परभणी जिल्ह्यात होता. तिथे आता लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तेव्हापासून आपल्याकडे चर्चा चालते ती रस्त्यांची, जमिनीच्या भावाची आणि सुरक्षारक्षकाच्या नोकऱ्यांची. पोस्टडॉकच्या जागांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरची, दोन-तीन वर्षांच्या मुदतीची संशोधनाची जागा. राष्ट्रीय प्रयोगशाळांतली यंत्रं जुळवण्याचं आणि आकड्यांतून अर्थ काढण्याचं बरंचसं काम ही तिशीतली मंडळीच करतात. केंद्राच्या २०२३ च्या दरांनुसार रिसर्च असोसिएटला महिना ५८ ते ६७ हजार आणि वर घरभाडं मिळतं. नोकरी कायमची नाही, हे खरं. पण आपल्याकडचे पीएचडीधारक तासिका तत्त्वावर शिकवतात, ती नोकरी तरी कुठे कायमची असते?

मग आपली मुलं अर्ज का करत नाहीत? प्रयोगशाळेला नुसती पदवी नको असते. लेझर, निर्वात यंत्रणा किंवा संगणकीय विश्लेषण यांवर हात बसलेला माणूस हवा असतो. लहर आल्यावर वेधशाळेच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या लांबीत पडणारा, प्रोटॉनहून कितीतरी सूक्ष्म फरक तिथे मोजायचा आहे. असं उपकरण परभणीच्या कॉलेजात येणार नाही, हे मान्य.

विश्लेषणाचं तसं नाही. गोंगाटात बुडालेला संकेत हुडकण्याच्या गणिती पद्धतींवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूलभूत काम केलं, तेही पहिली लहर २०१५ मध्ये सापडण्याच्या कितीतरी वर्षं आधी. अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांची प्रसिद्ध झालेली निरीक्षणं आज इंटरनेटवर फुकट मिळतात. साधा लॅपटॉप असेल आणि पायथॉन ही संगणकभाषा येत असेल, तर एमएस्सीचा विद्यार्थी परभणीत बसून पहिल्या लहरीचा आलेख काढू शकतो. अडतं ते शिकवणाऱ्यापाशी.

पोस्टडॉकमध्ये स्थानिकांना आरक्षण मागणं मला पटत नाही. ही निवड देशभरातून, गुणवत्तेवरच व्हावी. मागायचं ते वेगळं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाने आयुकाशी बोलून या लहरींच्या विश्लेषणात पोस्टडॉकच्या निदान दोन जागा काढाव्यात. अट एकच ठेवावी: आठवड्यातला एक दिवस परभणी-हिंगोलीच्या कॉलेजांत विद्यार्थ्यांकडून विश्लेषण करून घ्यायचं.

आणि हे आत्ताच व्हायला हवं. बारावी झालेल्या मुलाला पीएचडीपर्यंत पोचायला दहा वर्षं लागतात. वेधशाळा सुरू झाल्यावर जागे झालो, तर पहिल्या जाहिरातींना अर्ज करायला इथलं कुणी तयारच नसेल.