काच फुटली त्या सकाळी तुमचा भाव किती?



पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या माणसाला एक बातमी नवीन नाही. रात्री चार-पाच पोरं कोयते आणि दांडकी घेऊन गल्लीत शिरतात, दहशत माजवायची म्हणून रस्त्यावर लावलेल्या गाड्यांच्या काचा फोडतात आणि निघून जातात. 15 ऑगस्ट 2018 पासून आपल्या शहराला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, आरोपी पकडलेही जातात, पण ही बातमी काही थांबलेली नाही. सांगवीकडे बघा. जुनी सांगवी, नवी सांगवी, शेजारचं पिंपळे गुरव. गल्ल्या अरुंद, इमारतींना पार्किंग अपुरं, आणि एसयूव्ही घेणारे वाढलेत. गाडी रात्रभर रस्त्यावरच उभी असते.

आज याच विषयावर धंद्याच्या अंगाने बोलू. माझं मत आधीच सांगतो. एसयूव्हीच्या दाराची काच ग्राहकाच्या दारात येऊन बदलून देणं हा कमी भांडवलात सुरू होणारा चांगला सेवा व्यवसाय आहे. पण तो वर्षभराने चालू असेल की बंद, हे तुमच्या हत्यारांच्या पेटीवर ठरणार नाही. तोडफोडीनंतरच्या पहिल्या सकाळी तुम्ही काय भाव सांगितलात, यावर ठरेल.

आधी काम समजून घ्या

बरेच जण विचारतात, "सर, काचेच्या कामाला मोठं वर्कशॉप लागतं ना?" समोरच्या मोठ्या काचेला काळजी जास्त लागते. ती लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. ती बॉडीला चिकटवलेली असते आणि चिकटवल्यावर सुकायला वेळ द्यावा लागतो. दाराची काच बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड असते. फुटली की तिचे साबुदाण्यासारखे बारीक तुकडे होतात. ती चिकटवलेली नसते, तर दाराच्या आत मशीनवर, म्हणजे रेग्युलेटरवर, बोल्टने किंवा क्लॅम्पने धरलेली असते. त्यामुळे हे काम गल्लीत, गाडीशेजारी उभं राहून करता येतं.

कामाचा क्रम साधारण असा:

1. बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा. हल्लीच्या एसयूव्हीमध्ये दारात स्पीकर, स्विच आणि काही मॉडेलमध्ये एअरबॅगचा सेन्सरही असतो.
2. हँडलमागचे स्क्रू काढून डोअर पॅड सोडवायचा. त्यासाठी प्लॅस्टिकची पट्टी वापरायची, लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर नाही, नाहीतर पॅडवर ओरखडे पडतात.
3. आतली प्लॅस्टिक शीट न फाडता बाजूला करायची.
4. दाराच्या तळातले, चॅनेलमधले आणि सीटच्या फटीतले तुकडे व्हॅक्यूमने काढायचे. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, तीही मोकळी करायची.
5. मशीन बोल्ट दिसतील इतकं खाली-वर करून घ्यायचं. काच तिरकी करून आत सोडायची, रबराच्या चॅनेलमध्ये बसवायची आणि मग बोल्ट आवळायचे.
6. काच चार-पाच वेळा वर-खाली करून बघायची. एका बटणात पूर्ण वर जाणारी काच असेल तर त्या मॉडेलच्या पद्धतीने तिचं सेटिंग पुन्हा करून द्यायचं.
7. शीट नीट चिकटवायची, तुटलेल्या क्लिपा नव्या टाकायच्या आणि पॅड बसवायचा.

यातली चौथी आणि सातवी पायरी लक्षात ठेवा, कारण ग्राहकाच्या तक्रारी तिथूनच येतात. तुकडे राहिले तर दार लावताना आतून खळखळ वाजतं आणि एखादा तुकडा मशीनमध्ये अडकतो. शीट नीट चिकटली नाही तर जूनच्या पहिल्या पावसात पाणी पॅडमधून आत झिरपतं. मग ग्राहक म्हणतो, काचवाल्याने गाडीची वाट लावली. काच बसवायला जितका वेळ, तितकाच साफसफाईला द्या.

स्टॉक भरू नका

पट्ट्यातल्या मुलांची इथे एक गैरसमजूत असते. महिंद्राची स्कॉर्पिओ-एन चाकणला बनते, स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुनही तिथलीच, टाटाची हॅरिअर आणि सफारी आपल्या पिंपरीतली. सेंट-गोबेन सेक्युरिटचे काचेचे कारखाने भोसरी आणि चाकणजवळ कुरुळीला आहेत. "माल शेजारीच बनतो, मग स्वस्तात उचलू आणि गोडाऊन भरू."

असं होत नाही. कारखान्याच्या गेटवर तुम्हाला एक काच कोणी देणार नाही. बाजारातला माल वितरकामार्फत येतो. शिवाय एका गाडीत चार दारांच्या चार वेगळ्या काचा, बऱ्याच गाड्यांत मागच्या दारात एक छोटी स्थिर काच वेगळी, आणि मॉडेल बदललं की सगळं पुन्हा वेगळं. स्टॉक भरलात तर पैसे अडकतील आणि नेमकी मागितलेली काच तुमच्याकडे नसेल.

तुमची मालमत्ता म्हणजे दोन-तीन वितरकांशी चांगले संबंध आणि अचूक ऑर्डर. त्यासाठी एक सवय लावा. फुटलेले तुकडे बघत बसू नका, समोरच्या बाजूच्या दाराची शाबूत काच बघा. तिच्या कोपऱ्यात छापलेला शिक्का असतो: कंपनीचं नाव, मानक क्रमांक, इतर खुणा. त्याचा फोटो, गाडीचं मॉडेल, वर्ष आणि दाराची बाजू, एवढं वितरकाला पाठवा. चुकीची काच परत करण्यात गेलेला अर्धा दिवस वाचतो. आणि घेताना आयएसआय चिन्ह व आयएस 2553 बघूनच घ्या. वाहनांच्या सुरक्षा काचेचं भारतीय मानक तेच आहे.

आता मुद्द्याचं: त्या सकाळचा भाव

समजा, गल्लीत रात्री 15 गाड्या फुटल्या. सकाळी सात वाजता तुम्हाला फोन येतो. लोक घाबरलेले, चिडलेले, कामावर जायची घाई, आकाशात ढग. नेहमीच्या भावात 500 रुपये वाढवून सांगितलेत तरी कोणी घासाघीस करणार नाही. 15 गाड्यांचे 7,500 रुपये एका दिवसात जास्त मिळाले. यात बेकायदेशीर काही नाही आणि "मागणी वाढली की भाव वाढतो" हे आपणच शिकलेलो आहोत.

तरीही मी म्हणतो, वाढवू नका. साधुसंत व्हा म्हणून नाही, धंद्याचा हिशेब म्हणूनच सांगतो.

त्या गल्लीत 15 गाड्या फुटल्या, पण उभ्या 150 होत्या. सगळ्या सोसायट्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप त्या दिवशी तापलेले असतात. संध्याकाळपर्यंत तुमचं नाव तिथे दोनपैकी एका वाक्यात जाणार. एक, "लोकांचं नुकसान झालं आणि हा लुटायला आला." दुसरं, "याने नेहमीच्याच भावात केलं, नंबर सेव्ह करून ठेवा." दुसऱ्या वाक्याची जाहिरात 7,500 रुपयांत विकत मिळत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती स्पष्ट बोललेली बरी. दुसऱ्याच्या नुकसानीवर आपला धंदा उभा आहे, ही टोचणी तुम्हालाही लागेल आणि ग्राहकालाही दिसेल. डॉक्टर, मेडिकलवाला, पंक्चरवाला, सगळ्यांचं काम अडलेल्या माणसाशीच असतं. त्यात कमीपणा नाही. कमीपणा येतो तो अडलेपणाचे वेगळे पैसे लावले की. म्हणून भावपत्रक आधीच छापून ठेवा: काच बिलाप्रमाणे, मजुरी ठरलेली, रात्रीच्या कामाचा जादा आकार असेल तर तोही लिहिलेला. ठरलेला आकार आणि तोंड बघून सांगितलेला आकार यातला फरक लोकांना बरोबर कळतो.

आणि गाडीला हात लावण्याआधी पहिला प्रश्न विचारा, "दादा, पोलिसांत तक्रार दिली का? पंचनामा, फोटो झाले का?" तुम्ही तुकडे झाडून टाकलेत तर नुकसानीचा पुरावाच गेला. 112 वर फोन, फोटो आणि मगच झाडू. तोवर दाराला स्वच्छ प्लॅस्टिक शीट लावून द्या. ती फुकट द्या असं मी सुचवेन. खर्च किरकोळ असतो आणि ग्राहक तुमच्याकडे थांबतो.

विम्याचा खरा हिशेब ग्राहकाला सांगा

"इन्शुरन्समधून होईल ना?" हा प्रश्न येणारच. इथे गोलमाल उत्तर देऊ नका.

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारी पॉलिसी असेल तर मुद्दाम केलेली तोडफोड त्यात बसते, आणि काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत. मात्र दाव्यात सक्तीची वजावट असते: 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये, त्यावरच्या गाडीला 2,000. आणि दावा घेतला की नो क्लेम बोनस जातो. हा बोनस दरवर्षी 20, 25, 35, 45, 50 टक्के असा चढतो.

उदाहरणाला आकडे घेऊ. समजा, एका दाराची काच मजुरीसह 3,000 रुपयांत होते. गाडी 1500 सीसीच्या आतली. कंपनी देणार 2,000. त्या ग्राहकाला पुढच्या वर्षी 45 टक्के बोनस मिळणार होता आणि स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता 12,000 आहे. म्हणजे 5,400 रुपयांची सूट गेली. 2,000 मिळवायला 5,400 घालवले! अशा ग्राहकाला सांगा, "काका, एका काचेसाठी क्लेम करू नका." उलट चार काचा, बोनेट, छत सगळं ठोकलेलं असेल किंवा बोनस सुरक्षित ठेवणारी जोड घेतलेली असेल तर सांगा, "आधी विमा कंपनीला कळवा, सर्व्हे होऊ द्या, मग काम करू." कॅशलेस हवं असेल तर त्यांच्या यादीतल्या गॅरेजमध्येच पाठवावं लागेल.

म्हणजे कधी कधी काम हातातून जाईल. जाऊ द्या. जो माणूस स्वतःचं काम सोडून खरा सल्ला देतो, त्याला लोक पुढच्या वेळी आधी विचारतात.

दोन ठिकाणी "नाही" म्हणायला शिका

पहिलं, काळी फिल्म. नवी काच बसली की ग्राहक म्हणतो, "आता मस्त काळी करून दे." बाजूच्या काचेतून किमान 50 टक्के आणि पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के प्रकाश आरपार जायला हवा, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम आहे. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये बंदीचा आदेश दिला. ग्राहकाला दंड झाला की नाव तुमचंच निघणार.

दुसरं, कुठून आली ते माहीत नसलेली जुनी काच. स्वस्त पडते, पण बिल नाही. चोरीच्या गाडीची निघाली तर तुम्ही काय दाखवणार?

"पण सर, रोज कुठे काचा फुटतात?"

हा आक्षेप बरोबर आहे. फक्त तोडफोडीच्या भरवशावर घर चालणार नाही आणि चालावं अशी इच्छाही आपण धरू नये. रोजची भाकरी दाराच्या आतच आहे: अडकणारी पॉवर विंडो, खराब झालेलं मशीन, सैल रबर, बिघडलेला स्विच, दारातून येणारं पाणी. हत्यारं तीच, कौशल्य तेच. काचेमुळे तुमचं नाव होईल, पोट या कामांवर चालेल.

म्हणून नोकरी लगेच सोडू नका. शिफ्टमध्ये काम करत असाल तर सुट्टीच्या दिवशी सुरुवात करा. आधी एखाद्या जाणत्या मिस्त्रीच्या हाताखाली किमान 20 दारं उघडून बंद करा. दुचाकीवर मावेल इतकी हत्यारं, बॅटरीवरचा चांगला व्हॅक्यूम, जाड हातमोजे, चष्मा, ताडपत्री, एवढ्यात काम सुरू होतं. काच मात्र पाठीवर बांधून आणू नका, टेम्पोने मागवा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, ती करा. मुद्रा योजनेत शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज आहे, पण माझं मत असं की पहिली दहा कामं स्वतःच्या पैशावर करा आणि मग बँकेत जा. तेव्हा तुमच्या हातात बिलं असतील.

या आठवड्याचा गृहपाठ: आपल्या गल्लीतल्या दहा एसयूव्हींची यादी करा, प्रत्येकीच्या पुढच्या दाराच्या काचेचा भाव दोन वितरकांकडून घ्या, आणि तुमचं मजुरीचं भावपत्रक एका पानावर लिहून काढा. ते पान आज, डोकं शांत असताना लिहा. फोन सकाळी सातला येतो, तेव्हा भाव ठरवायला बसायचं नसतं.