सरकारी वकील पडला, पीडितांच्या फायलींचे काय?

सरकारी वकीलच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला की वर्तमानपत्रांना दोन दिवस बातमी मिळते, विरोधी पक्षाला मुद्दा मिळतो आणि त्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेल्यांना संधी मिळते. ज्यांचे खटले तो चालवीत होता त्या फिर्यादींना मात्र फक्त पुढची तारीख मिळते.

विशेष सरकारी वकील प्रवीण चव्हाण यांचे प्रकरण आठवा. 8 मार्च 2022 रोजी तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत पेनड्राईव्ह सादर केला. गिरीश महाजनांना खोट्या गुन्ह्यात अडकविण्याचा कट सरकारी वकिलाच्या कार्यालयात शिजला, हा आरोप. चित्रफितीत फेरफार असल्याचे चव्हाणांचे म्हणणे होते. तरी काही दिवसांतच त्यांचा राजीनामा झाला. तपास सीबीआयकडे गेला आणि 2024 मध्ये अनिल देशमुखांसह त्यांच्यावर गुन्हा नोंदविला गेला. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे वकील म्हणून आम्ही आधीच सांगतो. पण याच वकिलाकडे बीएचआर पतसंस्थेचा खटला होता, डीएसकेचा होता. आयुष्याची पुंजी बुडालेल्या त्या ठेवीदारांची सभागृहात कितीशी आठवण निघाली?

तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभा राहणारा सहायक सरकारी अभियोक्ता हा पगारी शासकीय सेवक. तो 48 तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला तर नियमानेच निलंबित समजला जातो. सत्र न्यायालयातला जिल्हा सरकारी वकील मात्र वकिलांतून नेमलेला असतो. ही नेमणूक कशी होते, यातच पुढच्या पतनाचे बी असते. 1981 च्या दुरुस्तीने महाराष्ट्राने 'सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय' हे शब्द काढून तेथे 'राज्य शासनाच्या मान्यतेने' असे शब्द घातले. म्हणजे ज्या न्यायाधीशाने वकिलाचे काम रोज पाहिले त्याला विचारायचेच नाही! 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 18 मध्ये सत्र न्यायाधीश पुन्हा आले आहेत. आता त्यांना खरोखर विचारले जाते की नाही, हे पाहावे लागेल. 1990 मध्ये उत्तर प्रदेश सरकारने एका परिपत्रकाने राज्यातले सारे जिल्हा सरकारी वकील घरी पाठविले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. सरकारी वकील हा सत्ताधाऱ्यांचा गडी नाही, हे तेव्हाच ठरले आहे. पण ऐकतो कोण?

आमच्या वाशीम जिल्ह्यात सहा तालुके. मानोरा किंवा रिसोडहून ॲट्रॉसिटीच्या खटल्यासाठी येणारी बाई दिवसाची मजुरी बुडवून एस.टी.ने येते. समोर आरोपी गावचा, साक्षीदारही गावचेच. वकील बदलला, नव्याने फाईल वाचली नाही, दोन-चार तारखा गेल्या, की तेवढ्यात गावात साक्षीदाराशी बोलणे होऊन जाते. खर्डा प्रकरणात साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये सारे आरोपी सुटले, हे समाज विसरलेला नाही.

म्हणून एखाद्या सरकारी वकिलाला अटक झाली की 'बरी जिरली' म्हणून टाळ्या पिटणे आम्हाला पटत नाही. त्याच दिवशी त्याच्याकडच्या फायली कोणाकडे गेल्या, हे विचारले पाहिजे. त्याने कोणत्या खटल्यात साक्षीदार तपासायचे सोडून दिले, कोणत्या जामिनाला विरोध केला नाही, हे तपासायची मागणी लेखी केली पाहिजे. ॲट्रॉसिटी नियम 1995 च्या नियम 4 प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी वर्षातून किमान दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, या वकिलांच्या कामाचा आढावा घ्यायचा असतो. पीडिताची इच्छा असेल तर नामवंत ज्येष्ठ वकील देण्याची सोयही त्याच नियमात आहे. जामिनाच्या वेळी पीडिताचे म्हणणे ऐकण्याचा हक्क कलम 15अ ने दिला. तो बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितले.

वाशीमच्या जिल्हाधिकारी कार्यालयात गेल्या जानेवारी आणि जुलैच्या आढाव्याचे इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागायला दहा रुपये लागतात. प्रत्येक तालुक्यातून एक अर्ज गेला पाहिजे.