खसच्या सरबताची बाटली

गेल्या रमजानमधली गोष्ट. गाडीत घालून उरलेले हिरवे कूलंट आम्ही सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. इफ्तारच्या गडबडीत धाकट्या पुतण्याने खसचे सरबत समजून ती बाटली उचलली. अम्मींचे लक्ष गेले म्हणून निभावले. आणि आम्ही वर्गात मुलांना विज्ञान शिकवतो!

कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड असते, पण मूत्रपिंडे निकामी करते. लहान मुलाच्या पोटात थोडे गेले तरी जिवावर बेतू शकते. सुरुवातीला मूल नुसते झिंगल्यासारखे दिसते, खरा त्रास नंतर उमटतो. म्हणून लक्षणांची वाट पाहू नये, उलटी करवू नये, डबा बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे. आमच्याकडे आता कूलंट मूळ डब्यातच, कुलपात असते.

मग गाडीचे हे काम घरी करूच नये का? जरूर करावे. ईदला गावी जायचे, वाटेत घाट, तर आदल्या दिवशी फजरनंतर बोनेट उघडावे. गाडी रात्रभर उभी, इंजिन थंड. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. आत दाबाखाली असलेले उकळते पाणी थेट तोंडावर येते. कूलंटची पातळी बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीवर बाहेरूनच दिसते, दोन खुणांच्या मध्ये असली की पुरे.

ऑइलसाठी गाडी सपाट जागी हवी. पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून मग पाहावी. कमी असेल तर थोडे थोडे ओतावे. जास्त झालेले ऑइलही इंजिनाला बाधते.

ब्रेक ऑइल उतरले तर नुसते भरून मोकळे होऊ नये. ब्रेक पॅड झिजले असतील किंवा कुठे गळती असेल. आधी मेकॅनिकला दाखवावे, मगच प्रवास. भरायचेच तर झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिले आहे ते पाहून, सीलबंद डब्यातलेच भरावे. उघड्या डब्यातले ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. रंगावर सांडले तर रंगही खाते.

आणि अंगणात कूलंट सांडले तर लगेच मातीने टिपून घ्यावे, ती माती उचलून जागा धुवावी. मांजरेही ते चाटतात.